मशीन फक्त बघतं

नगरच्या दवाखान्यात तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, पिना सांभाळत होते. माझ्या नाती हसतात. हसू द्या त्यांना. पण खरंच, माझं तिथलं पहिलं काम तेच होतं.

झालं असं, की नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांत आमच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढायचं मोठं मशीन आलं. सीटी स्कॅन म्हणतात ते. तोवर मी बायकांच्या वॉर्डात मावशी होते. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना धरून न्यायचं. मशीन आल्यावर मला त्या खोलीत घेतलं, कारण आत जाण्याआधी डोक्यागळ्यावरचं धातूचं सगळं काढावं लागायचं आणि बाया काही परक्या पुरुषाच्या हातात कानातलं काढून देत नाहीत. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं आणि केसांतल्या पिना. पिनांचा ताप सगळ्यात जास्त. एखादी अंबाड्यात राहून गेली तर फोटोभर चांदणीसारख्या रेघा उठायच्या आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. मी बोटांनी चाचपून चाचपून एकेक काढायचे. मशीन चालवणाऱ्या दादांनी हे ठेवायला एक स्टीलचा ट्रे आणून दिला होता, पण ट्रेमध्ये ठेवायला एक बाई राजी होईना. मग मी ते माझ्या पदराच्या टोकात घेऊन घट्ट गाठ मारायला लागले. "हे बघा, माझ्या पदरात हाय. तुमचं होईपर्यंत मी हितनं हलत न्हाई," म्हटलं की निमूट काढून द्यायच्या. ट्रे पडून राहिला. पुढे त्यात दादा शेंगा ठेवायचे.

ती खोली बारा महिने थंडगार. मधोमध ते मशीन, केवढं तरी गोल, मध्ये भोक. कर्जतकडचा एक म्हातारा त्याला "आडवी केलेली हीर" म्हणाला होता, तेव्हापासून मला ते तसंच दिसायला लागलं. माणसाला फळीवर निजवायचं, डोकं पट्ट्यानं बांधायचं, आणि फळी त्या विहिरीत सरकवायची. मग खट्ट आवाज, फळी बोटभर पुढे. पुन्हा खट्ट, पुन्हा बोटभर. मध्येच दंडातल्या शिरेतून एक औषध सोडायचे, फोटो नीट उठावा म्हणून. त्या औषधानं घशापासून पार पोटापर्यंत ऊब पसरते म्हणे. आणि एवढ्या सगळ्यात माणसानं मान म्हणून हलवायची नाही. हलवली की फोटो फिस्कटला.

आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यात एक्स-रे काढलेला नाही, ते माणूस ह्यात हलणार नाही तर काय करेल? तो कर्जतकडचा म्हातारा तर उठून बसला होता. "मला हिरीत घालू नका, मी कबूल करतो," म्हणाला. काय कबूल करणार होता देव जाणे.

मेंदूच्या डॉक्टरबाई आठवड्यातून दोन दिवस पुण्याहून यायच्या. उंच, बोलायला हळू, आणि माझ्यासारख्या बाईलाही "मावशी, तुम्ही" म्हणणाऱ्या. त्यांचं एक संशोधन चाललं होतं. एचआयव्हीचा आजार तेव्हा गावोगावी शिरला होता आणि नाव कुणी घेत नव्हतं. "त्ये दुखणं" म्हणायचे. त्या आजाराच्या माणसाच्या मेंदूतही दुखणं होतं. कुणाचा हात जातो, कुणाची जीभ जड होते, कुणाला झटके येतात. ते फोटोत कसं दिसतं आणि कोणत्या औषधाला ते ऐकतं, हे बाई एका जाड वहीत लिहीत होत्या. वहीत नाव नाही. नुसता नंबर. ज्यांना त्यात यायचं असेल त्यांना एक कागद वाचून दाखवायचा: यात येणं तुमच्या मर्जीवर, नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहणार, नाव कुठं सांगणार नाही. वाचायचं काम माझ्याकडे. मला लिहायला-वाचायला आलं ते माझ्या थोरल्याच्या शाळेच्या पुस्तकांवरून. तो शिकत गेला तशी मी त्याच्या मागून शिकत गेले, चौथीपर्यंत. पाचवीला गणित अवघड झालं तसा तो पुढे गेला आणि मी राहिले. पण वाचन ठणठणीत.

नाव घ्यायचं नाही म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्यांना हाक कशी मारायची? पहिल्या दिवशी मी ओरडले, "राहात्याचं कोण हाय?" बाईंनी आत बोलावून सांगितलं, "मावशी, गावाचं नावही नको. गावावरून माणूस कळतो." मग मी रंगावर आले. "पिवळा फेटा, चला. चॉकलेटी स्वेटर, या हिकडं." बाईंना ते पसंत पडलं. त्यांनी वहीच्या कोपऱ्यातही पेन्सिलीनं रंग लिहायला सुरुवात केली.

हे सगळं सांगते आहे ते माझ्या एका वाक्यासाठी. ते मी स्वतः तयार केलेलं, आणि मला त्याचा गर्व होता. कागद वाचून झाला, माणूस फळीवर निजला, डोक्याला पट्टा बांधला, की मी त्याच्या कानाशी वाकायचे आणि म्हणायचे, "भिऊ नका. हे मशीन डोक्यातलं सगळं दुखनं वढून घेतं. निस्तं गप पडून ऱ्हायचं. सुई टोचल्यावर अंगात ऊन ऊन लागंल. ते लागलं की समजायचं, लागू पडलं."

काय गप पडून राहायचे सांगू! दगडासारखे. दादा काचेच्या पलीकडे बसून मशीन चालवायचे. त्यांना आतलं बोलणं ऐकू जायचं नाही, फक्त दिसायचं की मावशी वाकली आणि माणूस शांत झाला. "मावशींच्या हाताला गुण आहे," ते बाईंना सांगायचे. बाई हसायच्या. मीही हसायचे.

एका सकाळी बाकावर दोघी बसलेल्या दिसल्या. जामखेडच्याही पुढच्या एका वस्तीवरून पहाटेची पहिली एसटी धरून आल्या होत्या. एक साठीची, काटक, कपाळावर गोंदलेलं. दुसरी तिची सून, तिशीच्या आतली, निळ्या पातळातली. सुनेचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. पाय ओढत चालायची.

"निळं पातळ, चला."

म्हातारी आधी उठली. "जयभीम बाई," ती मला म्हणाली. मीही जयभीम म्हटलं, तसा तिचा चेहराच खुलला. सुनेला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, आपलंच मानूस हाय हितं. उगं घाबरत हुतीस."

कागद वाचताना मला कळलं ते एवढं: म्हातारीचा मुलगा वर्षापूर्वी गेला होता. कशानं, ते म्हातारीनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सुनेला तेच दुखणं असल्याचं महिन्याआधी कळलं होतं. आणि आता पंधरा दिवसांत हात गेला होता. आधी खुरपं हातातून सुटायला लागलं, मग तांब्या, मग कंगवा. घरी पाच वर्षांची पोर होती.

"त्या पोरीच्या येन्या घालता येईनात हिला," म्हातारी म्हणाली. "मी घालते तर भवानी रडती. म्हनती, आजी, एक येनी मोरं अन् एक मागं."

"घालताच तशा तुमी," सून म्हणाली. शब्द जरा जड होते, पण हसली.

"सकाळधरनं काई खाल्लं न्हाई ना?" मी विचारलं. फोटोच्या आधी उपाशी राहावं लागायचं.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "मी बी न्हाई खाल्लं."

"तुमी कशापाई?"

"तिला उपाशी ठिवून मी कशी खाऊ?"

मी सुनेचे केस सोडले. काय केस होते! कमरेच्या खाली. पिना काढल्या, कानातल्या कुड्या काढल्या, पदराला गाठ मारली. तिला निजवलं, पट्टा बांधला, आणि कानाशी वाकून माझं वाक्य म्हटलं. म्हातारी दाराशीच उभी होती. तिनंही ऐकलं. फळी आत सरकायच्या आधी दादांनी तिला बाहेर घालवलं. सुनेनं डोळे मिटून घेतले आणि पापणी हलवली नाही. बाहेर आल्यावर मीच तिची वेणी घातली, अंबाडा बांधला, पिना खोचल्या.

बाई फोटोची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या, आणि मी मागे उभी राहिले तर मला दाखवायच्या. फ्लॉवरचा गड्डा मधोमध कापल्यावर दिसतो ना, तसा मेंदू दिसतो. तिच्या गड्ड्यात डाव्या बाजूला एक पांढरं कडं होतं, अंगठीसारखं, आणि भोवती सूज.

"मावशी, असं कडं दोन-तीन दुखण्यांत दिसतं," बाई म्हणाल्या. "सारखंच दिसतं. डोकं उघडून बघायची सोय आपल्याकडे नाही. म्हणून आपण एका दुखण्याच्या गोळ्या देतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढतो. कडं बारीक झालं तर तेच दुखणं, आणि ते बरं होतं. हातही येतो."

"आन् बारीक न्हाई झालं तर?"

"मग क्षयाची गाठ समजून औषधं द्यायची. तीही लागली नाहीत, तर माझ्याकडे काही नाही."

त्या आजाराच्या मुळावरची औषधं तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत आलेली नव्हती. पण मेंदूतलं हे दुखणं हटवता येत होतं, आणि हटलं तर माणूस आपल्या पायानं घरी जायचं. म्हणून सगळा भरवसा त्या दुसऱ्या फोटोवर. बाईंनी गोळ्या संशोधनातूनच दिल्या. दिवसातून किती, कधी, मी म्हातारीला तीनदा समजावलं. तिनं मान डोलावली, पुडकं कमरेच्या पिशवीत घातलं, आणि दोघी गेल्या.

दोन आठवड्यांनी त्या ठरल्या दिवशी आल्या. सून तेच निळं पातळ नेसलेली.

"नेसायला दुसरं न्हाई का?" मी सहज थट्टा केली.

"हाय की. पन तुमच्या वहीत निळं लिवलंय ना? दुसरं नेसून आली आन् तुमी आत घेतलंच न्हाई तर?" म्हातारी अगदी गंभीरपणे म्हणाली.

मला हसू आवरेना. दादांना सांगितलं, तेही हसले. दवाखान्यात बोललेला शब्द ही माणसं किती जपून घरी नेतात, हे त्या हसण्यात मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं. सुनेचा हात आता लोंबत होता आणि जीभ आधीपेक्षा जड झाली होती, ते मात्र दिसलं. मी पिना काढल्या, गाठ मारली, वाक्य म्हटलं. फोटो निघाला.

बाई फिल्म घेऊन खिडकीशी गेल्या. कडं मोठं झालं होतं. मलासुद्धा दिसलं.

"म्हणजे ह्या गोळ्या लागल्या नाहीत," बाई म्हणाल्या. वही उघडून त्या लिहायला बसल्या.

मी सुनेची वेणी घालायला बाहेर आले. वेणी अर्धी झाली तोच म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली, फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि माझ्यापुढं बाकावर ठेवलं.

"ह्या घ्या तुमच्या गोळ्या. उरल्यात. कुना गरिबाला हुतील."

मी एका हातानं फडकं सोडलं. चार-पाच सोडल्या तर सगळ्या गोळ्या जशाच्या तशा.

"अवं, ह्या खाल्ल्या का न्हाईत?"

"खाल्ल्या की दोन दिस. वकायला लागली बिचारी, पोटात पानी ठरंना. मग मी म्हटलं, मशीननं दुखनं वढून घेतलंय, मावशींनी सांगितलंय. अंगात ऊन ऊन बी लागलं हुतं तिला, लागू पडल्याबिगर लागतं का? मग हे जहर कशाला पोटात घालायचं? आता एवढं एक डाव वढून घेतलं की राह्यलेलं बी जाईल. व्हय ना?"

माझ्या दुसऱ्या हातात सुनेची अर्धी वेणी होती. तीन पदर बोटांत धरलेले. ते मी कसे गुंफले, मला आठवत नाही.

आता खरं सांगायचं तर मी आत गेले आणि अर्धंच बोलले. "बाई, गोळ्या त्यांनी घेतल्याच न्हाईत," एवढंच म्हणाले आणि पुडकं टेबलावर ठेवलं. का घेतल्या नाहीत, ते नाही सांगितलं. मला नोकरी घालवायची नव्हती. आणि "हाताला गुण आहे" हेही घालवायचं नव्हतं, ते खोटं का बोलू?

बाई उठून बाहेर आल्या. मी त्यांना चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही त्यांचा, उलट आणखी खाली गेला.

"आजी, गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाली, "कुनी न्हाई, बाई. मीच अडानी."

"अहो, तुमच्या सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे. तिच्या मुलीचा तरी विचार करायचा."

"चुकलं, बाई."

सून काहीतरी बोलायला गेली, पण जीभ वळेना, आणि म्हातारीनं तिचा हात दाबला. मला वाचवत होती ती. मी तिची कोण? जयभीम घातला होता, वेणी घातली होती, एवढंच. मला ते बघवेना.

"त्या अडानी न्हाईत, बाई," मी म्हणाले. "मी सांगितलं त्यांना. मशीन दुखनं वढून घेतं म्हनून मीच सांगितलं. हलू नये म्हनून सांगत हुते."

 बाईंनी मला आत नेलं, दार लोटलं, आणि मी काय काय म्हणायचे ते शब्दन् शब्द म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं. सुई, ऊब, लागू पडलं, सगळं. बंद खोलीत ते वाक्य मला स्वतःलाच कसं तरी वाटलं.

"हे फक्त यांनाच सांगितलंत?"

"न्हाई, बाई. सगळ्यांना."

त्यांनी वहीवर हात ठेवला. त्या जाड वहीत किती पानं भरली होती! प्रत्येक पानावर कुणाला गोळ्या लागल्या, कुणाला नाही. आता त्यातलं "नाही" खरं कोणतं आणि माझ्या वाक्याचं कोणतं, हे कुणाला ठाऊक?

"मला काढून टाका, बाई," मी म्हणाले.

"काढून टाकलं तर हे निस्तरणार कोण?" त्या म्हणाल्या. मग वही उघडत, "सांगितलंत ते बरं केलंत. मी आत्ता तिच्या गोळ्या बदलणार होते."

त्यांनी त्या दिवशीचं लिहिलेलं एका सरळ रेघेनं खोडलं, खाली नवं लिहिलं, आणि सुनेला तिथंच भरती करून घेतलं. बायकांच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. दुसऱ्या मावशा तिच्या खाटेला वळसा घालून जायच्या. तसा काळ होता. मी जात होते. उलटीचं औषध आधी, मग अर्ध्या तासानं भाताची पेज, मग गोळी, आणि गोळी पोटात ठरेपर्यंत मी खाटेशी बसून. म्हातारी खाली फरशीवर पथारी टाकून असायची. पहिल्या दिवशी मी तिच्यापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, मी तुमाला खोटं सांगितलं. मशीन काई वढून घेत न्हाई. ते फकस्त बघतं. बरं करायचं काम गोळीचं."

तिनं जरा विचार केला. "मग ऊन ऊन लागतं ते?"

"ते फोटो नीट दिसायचं औषध. रंगासारखं."

"मग आधीच तसं सांगायचं," ती म्हणाली. "मी काय हलनार हुते का? मी तर दाराशी उभी हुते."

एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

दुपारच्या सुट्टीत मी पत्रं लिहायला बसायचे. जे लोक आधी येऊन गेले होते, त्यांना परत बोलवायचं होतं. त्यांचे पत्ते बाईंनी वहीपासून वेगळे, कुलपात ठेवलेले होते. बाईंनी मजकूर लिहून दिला होता, पण तो कोर्टाच्या नोटिशीसारखा वाटत होता. मी म्हटलं, हे वाचून माणूस घर सोडून पळेल. "मग तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. उघडं कार्ड चालणार नव्हतं, पोस्टमन वाचतो. म्हणून आंतरदेशीय पत्र, आणि आजाराचं नाव कुठंच नाही. "गोळ्या चालू ठेवा. बंद केल्या असतील तर दवाखान्यात या. चूक तुमची नाही, आमच्याकडून सांगण्यात झाली." खाली सही, मावशी. माझ्या आयुष्यातली ती पहिली पत्रं. अक्षर वाकडं होतं. बाईंनी एकही शब्द बदलला नाही.

बरेच जण आले. बहुतेकांनी गोळ्या घेतल्याच होत्या, माझ्या वाक्यापेक्षा त्यांचा बाईंवर विश्वास जास्त होता, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. दोघातिघांनी सोडल्या होत्या, त्यांना पुन्हा सुरू केल्या. एक जण मात्र आला नाही. पिवळ्या फेट्याचा. पत्र परतही आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. मला आजही बाजारात पिवळा फेटा दिसला की मी जरा पुढे जाऊन तोंड बघते. आता इतक्या वर्षांनी कोण कशाला असेल? पण बघते.

आणि एक आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. त्या सुनेचं मूळ दुखणं गेलं नाही. ते जाणारही नव्हतं. पुढं काही वर्षं ती येत राहिली, पोर तिसरीत गेलेली तिनं बघितली, आणि मग नाही. म्हातारी त्यानंतरही नगरला आली की मला भेटल्याशिवाय जात नसे.

पण वॉर्डातल्या त्या दोन आठवड्यांचं सांगत होते. पाचव्या-सहाव्या दिवशी तिची जीभ मोकळी झाली. पहिलं वाक्य सासूला म्हणाली, "आत्या, लई घोरता तुमी." आख्खा वॉर्ड हसला, वळसा घालून जाणाऱ्या मावशासुद्धा. हाताला वेळ लागला. बाई आल्या की बोट नाकाला लावायला सांगायच्या. तिचं बोट कधी गालाला, कधी कानाला. म्हातारी खालून म्हणायची, "नाक तितं न्हाई, जरा उजवीकडं घे." मग एक दिवस लागलं. पण बाई फोटोशिवाय काही मानणाऱ्या नव्हत्या.

फोटोच्या सकाळी ती निळंच पातळ नेसली. म्हातारीनं आदल्या दिवशी धुवून वॉर्डाच्या मागच्या तारेवर वाळत घातलं होतं. मी यावेळी काही थट्टा केली नाही. खोलीत नेलं, केस सोडले, पिना काढल्या, कुड्या काढल्या, गाठ मारली. निजवलं, पट्टा बांधला. कानाशी वाकले आणि म्हणाले, "हे मशीन फक्त बघतं. हलल्यावर त्याला दिसत न्हाई. सुई टोचली की ऊन लागंल, ते रंगाचं. आता मी काय सांगितलं ते तू मला सांग."

"मशीन फक्त बघतं," ती म्हणाली. "ऊन लागंल ते रंगाचं. बरं करतीया ती गोळी."

त्या दिवसापासून मी सगळ्यांना तसंच विचारायला लागले: आता तुम्ही मला सांगा. थोडा वेळ जास्त जायचा. काही हलायचेही, फोटो फिस्कटायचे. दादा कुरकुरायचे की मावशींचा गुण गेला. बाईंनी कागदातही ती ओळ घातली.

फिल्म आली. बाईंनी ती खिडकीत धरली, मग आधीची काढून शेजारी धरली. मी मागे उभी. म्हातारीला त्यांनी स्वतः आत बोलावलं. "आजी, हे आधीचं. हे आत्ताचं. बघा."

म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं. आधीच्या फोटोत बांगडीसारखं दिसणारं कडं नव्या फोटोत मसुराच्या दाण्याएवढं होतं.

"राह्यलेलं?" तिनं विचारलं.

"गोळ्या चालू ठेवल्या तर तेही जाईल. बंद करायच्या नाहीत."

"आता कशाला बंद करतीय," म्हातारी म्हणाली. "आता मला बी कळतंय की मशीनला काय कळतंय."

मी बाहेर आले. सून बाकावर बसली होती, केस पाठीवर मोकळे. मी कंगवा काढला, सवयीनं तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिनं मागे न बघताच हात पुढे केला. उजवा. "द्या, मावशी."

मी कंगवा दिला. तिनं भांग पाडला, केस तीन पदरांत घेतले आणि वेणी घालायला लागली. हळूहळू. मध्ये एकदा बोटं थांबली, पदर निसटला, तिनं पुन्हा धरला. मी माझ्या पदराची गाठ सोडली आणि एकेक पीन तिच्या हातात देत गेले. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली आणि तिच्यापुढं उभी राहून बघायला लागली.

"भांग वाकडा पडलाय," ती म्हणाली.

"पडू द्या, आत्या," सून म्हणाली. शेवटची पीन तोंडात धरलेली होती, ती काढून तिनं अंबाड्यात खोचली. "घरी गेल्यावर पोरीचा सरळ पाडते."